औषध जिथं काम करतं, तिथूनच साइड इफेक्टही येतो! चार गोळ्यांमागच्या सुब्बारावांची गोष्ट

गरोदर बाईला आशाताई आणून देतात ती लाल गोळी. संधिवाताच्या पेशंटला डॉक्टर आठवड्यातून एकदाच घ्यायला बजावतात ती मेथोट्रेक्सेट. मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी आल्यावर लेप्टोच्या भीतीने दिली जाणारी डॉक्सीसायक्लिन. आणि नागपूर, भंडारा, गडचिरोलीकडे आरोग्य कर्मचारी घरी येऊन समोरच गिळायला लावतात ती हत्तीरोगाची गोळी.

या चार गोळ्यांचा एकमेकींशी काय संबंध?

वरवर पाहिलं तर काहीच नाही. आजार वेगळे, पेशंट वेगळे. पण या चारही गोळ्यांचं मूळ शोधत गेलं की आपण अमेरिकेतल्या एकाच प्रयोगशाळेत पोहोचतो. आणि त्या प्रयोगशाळेच्या संशोधनाची सूत्रं होती आंध्रातल्या एका माणसाच्या हातात. त्यांचं नाव डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव.

या चार गोळ्यांची आणखी एक तक्रार कॉमन आहे. लोक त्या मध्येच सोडतात. कारण एकच, साइड इफेक्टची भीती. औषध चांगलं काम करतं ते एका बाजूला आणि त्रास देतं ते दुसऱ्या बाजूला, असं आपल्याला वाटत असतं. सुब्बारावांच्या औषधांचा इतिहास बघितला तर कळतं की बहुतेक वेळा ही दोन्ही कामं औषध एकाच पद्धतीने करत असतं. ते कसं, हे समजून घ्यायचं तर आधी सुब्बारावांचं आयुष्य समजून घ्यावं लागेल.

तिसऱ्या प्रयत्नात मॅट्रिक, खादीमुळे हुकलेली पदवी

१२ जानेवारी १८९५. तेव्हाच्या मद्रास इलाख्यातलं भीमवरम हे गाव. आजच्या आंध्र प्रदेशातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यातलं. तिथं एका बेताच्या परिस्थितीतल्या तेलुगू कुटुंबात सुब्बारावांचा जन्म झाला.

पोराचं अभ्यासात काही लक्ष नव्हतं. तेराव्या वर्षी ते चुलतभावाला घेऊन घरातून पळाले. काशीला जायचं, यात्रेकरूंना केळी विकायची आणि पैसे कमवायचे, असा प्लॅन होता. आई वेंकम्मा खमक्या होत्या. त्यांनी मुलाला परत आणून शाळेत बसवलं. मॅट्रिकला ते दोनदा नापास झाले. तिसऱ्या प्रयत्नात मद्रासच्या हिंदू हायस्कूलमधून एकदाचे पास झाले.

पुढे रामकृष्ण मिशनचा प्रभाव पडला. संन्यास घ्यायचं मनात आलं. आईने परवानगी दिली नाही. मग लोकांची सेवाच करायची तर डॉक्टर होऊन करू, असं ठरवून त्यांनी मद्रास मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. लग्न झालं होतं. शिक्षणासाठी सासऱ्यांनी पैशांची मदत केली.

कॉलेजात असताना गांधीजींनी विदेशी कापडावर बहिष्कार टाकायचं आवाहन केलं. सुब्बाराव खादीचा गाऊन घालून ऑपरेशन थिएटरमध्ये जायला लागले. सर्जरीच्या ब्रिटिश प्राध्यापकांना हे अजिबात रुचलं नाही. शेवटी सुब्बारावांच्या हाती एमबीबीएसची पूर्ण पदवी आलीच नाही. त्याऐवजी एल.एम.एस. हे खालच्या दर्जाचं मानलं जाणारं प्रमाणपत्र मिळालं. एका गाऊनची किंमत त्यांना पुढे बरीच वर्षं मोजावी लागली.

याच काळात घरावर मोठा आघात झाला. त्यांचे दोन भाऊ काही दिवसांच्या अंतराने गेले. आजार होता ट्रॉपिकल स्प्रू, म्हणजे आपल्याकडे ज्याला संग्रहणी म्हणायचे तसला. यात आतड्याचं अस्तर खराब होतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. जुलाब थांबत नाहीत, रक्त कमी होत जातं आणि धडधाकट माणूस डोळ्यांसमोर वाळत जातो. तेव्हा यावर खात्रीचं औषध नव्हतं. घरात डॉक्टरकी शिकलेला माणूस होता, पण त्याच्याही हातात देण्यासारखं काही नव्हतं.

हार्वर्डमध्ये शिकायचं आणि रात्री बेडपॅन उचलायचे

काही काळ मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शिकवल्यानंतर सुब्बारावांनी अमेरिकेला जायचं ठरवलं. एका धर्मादाय संस्थेची आणि सासऱ्यांची मदत मिळाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये ते बोटीने बोस्टनला उतरले.

हार्वर्डच्या ट्रॉपिकल मेडिसिनच्या शाळेत प्रवेश तर मिळाला, पण जगायचं कसं? एल.एम.एस.वर तिथं डॉक्टर म्हणून काम मिळणं अवघड होतं. म्हणून त्यांनी हॉस्पिटलमध्ये रात्रपाळीची नोकरी धरली. पेशंटचे बेडपॅन उचलायचे, साफसफाई करायची आणि दिवसा वर्गात बसायचं. ते निघाले तेव्हा पत्नी भारतातच राहिली होती. त्यांच्यामागे जन्मलेला मुलगा बाळपणीच गेला. सुब्बारावांनी त्याला कधी पाहिलंच नाही.

डिप्लोमा झाल्यावर ते हार्वर्डमध्येच बायोकेमिस्ट्रीचे प्राध्यापक सायरस फिस्के यांच्याकडे काम करू लागले. १९२५ मध्ये या दोघांनी रक्तातलं आणि लघवीतलं फॉस्फरस मोजायची सोपी पद्धत शोधली. फिस्के-सुब्बाराव पद्धत या नावाने ती बायोकेमिस्ट्रीच्या विद्यार्थ्यांना अजूनही शिकवली जाते.

हीच पद्धत वापरून त्यांनी १९२७ मध्ये स्नायूंमधलं फॉस्फोक्रिएटिन आणि १९२९ मध्ये एटीपी शोधलं. एटीपी म्हणजे शरीराचं चलनी नाणं. बोट हलवायचं असो की हृदयाचा ठोका पडायचा असो, पेशी खर्च करते ते एटीपी. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमान यांनीही ते स्वतंत्रपणे शोधलं होतं. स्नायूंना ऊर्जा कुठून मिळते याबद्दलची तेव्हाची समजूत या शोधांनी बदलून टाकली.

एवढं करूनही काय मिळालं? १९३० मध्ये पीएचडी मिळाली. हार्वर्डमधली कायमची जागा मात्र मिळाली नाही. १९४० मध्ये सुब्बारावांनी हार्वर्ड सोडलं आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पर्ल रिव्हर गावी लेडर्ली या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. दोन वर्षांत ते तिथले संशोधन संचालक झाले.

आणि इथून पुढच्या आठ वर्षांत त्यांच्या टीमने जे केलं, ते आज आपल्या औषधाच्या डब्यात आहे.

पहिली गोळी : फॉलिक ॲसिड

या गोळीची सुरुवात खरं तर आपल्या मुंबईत झाली. १९२८ च्या सुमारास लुसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. इथल्या कापड गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या गरोदर बायकांमध्ये त्यांना एक विचित्र ॲनिमिया दिसला. रक्तातल्या लाल पेशी संख्येने कमी आणि आकाराने अवाढव्य. विल्स यांनी या बायकांना यीस्टचा अर्क दिला आणि त्या बऱ्या झाल्या. यीस्टमध्ये काहीतरी होतं, पण काय ते कळत नव्हतं. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी चार टन पालक वापरून हा पदार्थ थोडासा वेगळा केला. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, त्यावरून नाव पडलं फॉलिक ॲसिड.

पण टनभर पालकातून चिमूटभर पदार्थ काढून पेशंट बरे होणार नव्हते. तो कारखान्यात बनवता यायला हवा होता. सुब्बारावांच्या टीमने फॉलिक ॲसिडची रचना उलगडली आणि ते प्रयोगशाळेत तयार केलं. १९४५-४६ मध्ये हे जगासमोर आलं. चार टन पालकाचं काम आता बाटलीत मावत होतं.

फॉलिक ॲसिड करतं काय? एका पेशीच्या दोन पेशी व्हायच्या तर आधी डीएनएची नवी प्रत काढावी लागते. त्या प्रतीसाठी लागणारं सामान फॉलिक ॲसिडशिवाय तयार होत नाही. ते कमी पडलं तर ज्या पेशी सतत नव्याने बनतात त्यांची आधी पंचाईत होते. रक्त बनवणारी अस्थिमज्जा त्यात पहिली. पेशी मोठी होत राहते, पण तिचे दोन भाग होत नाहीत. विल्स यांना मुंबईत दिसलेल्या त्या अवाढव्य पेशींचं कारण हे होतं.

पोटातल्या बाळाच्या पेशी तर अहोरात्र वाढत असतात. गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी बंद होते. बऱ्याच बायकांना तोवर आपण गरोदर आहोत हेही कळलेलं नसतं. त्या काळात फॉलिक ॲसिड कमी पडलं तर बाळाच्या पाठीच्या कण्यात दोष राहू शकतो. १९९१ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत हे पक्कं झालं. म्हणून डॉक्टर मूल होऊ द्यायचं ठरल्यापासूनच ही गोळी घ्यायला सांगतात.

आता तक्रारींबद्दल. आशाताई देतात त्या लाल गोळीत दोन गोष्टी असतात. ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. शौचाचा रंग काळा होणं, बद्धकोष्ठता, मळमळ हा सगळा उद्योग लोहाचा आहे. आतड्यात न शोषलेलं लोह तसंच बाहेर पडतं, त्यामुळे रंग काळा दिसतो. नुसत्या या काळ्या रंगाला घाबरून गोळी कचऱ्यात टाकायची गरज नाही.

फॉलिक ॲसिडचा खरा धोका वेगळा आहे आणि तो दिसत नाही. एखाद्याला मुळात बी-१२ कमी असेल आणि त्याला नुसतं फॉलिक ॲसिड दिलं, तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो. बी-१२ अभावी नसांचं जे नुकसान होतं ते मात्र आतल्या आत चालूच राहतं. शाकाहारी लोकांमध्ये बी-१२ ची कमतरता बरीच आढळते. म्हणून हातापायाला मुंग्या येत असतील तर स्वतःच्या मनाने फॉलिक ॲसिड सुरू करण्याऐवजी आधी बी-१२ तपासून घेतलेलं बरं.

दुसरी गोळी : मेथोट्रेक्सेट

फॉलिक ॲसिड पेशींना वाढवतं. मग कॅन्सरच्या पेशींना काय करेल?

हा प्रश्न बोस्टनमधल्या लहान मुलांच्या हॉस्पिटलातले डॉ. सिडनी फार्बर यांच्यासमोर आला. तेव्हा ब्लड कॅन्सर झालेलं मूल काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जायचं. उपाय काहीच नव्हता. लेडर्लीत बनलेली फॉलिक ॲसिडची संयुगं फार्बर यांनी कॅन्सरच्या पेशंटना देऊन पाहिली. ब्लड कॅन्सर झालेल्या मुलांमध्ये आजार उलट वेगाने वाढल्याचं त्यांना दिसलं.

निकाल भयंकर होता, पण त्यातच उत्तर दडलं होतं. फॉलिक ॲसिडने कॅन्सर वाढत असेल तर ते तोडलं की कॅन्सरची उपासमार होईल. सुब्बारावांच्या टीमकडे फॉलिक ॲसिडसारखे दिसणारे नकली रेणू तयार होते. कुलपात बसणारी, पण कुलूप न उघडणारी किल्ली असते तसे. पेशी त्यांना खरं फॉलिक ॲसिड समजून जागा देते आणि तिचं काम अडतं. त्यातला एक रेणू होता ॲमिनोप्टेरिन.

फार्बर यांनी तो १६ मुलांना दिला. १० मुलांमध्ये सुधारणा दिसली. सुजलेली पोटं उतरली, रक्ताचे रिपोर्ट सुधारले. जून १९४८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. सुधारणा तात्पुरती होती, आजार परत आला. पण औषधाने ब्लड कॅन्सर मागे हटवता येतो हे यातून पहिल्यांदाच स्पष्ट दिसलं. आजच्या केमोथेरपीच्या पायातल्या मोठ्या दगडांपैकी हा एक.

ॲमिनोप्टेरिनचा त्रास फार होता. त्याच टीमने बनवलेला त्याचा सख्खा भाऊ तुलनेने सुरक्षित निघाला. तोच मेथोट्रेक्सेट. पुढे १९५६ मध्ये अमेरिकेत गर्भनाळेशी संबंधित एका कॅन्सरवर तो इतका परिणामकारक ठरला की पेशंट पूर्ण बऱ्या व्हायला लागल्या.

आता केमोमध्ये केस का जातात, तोंडात फोड का येतात, हे समजायला सोपं जाईल. मेथोट्रेक्सेटला कॅन्सरची पेशी ओळखता येत नाही. त्याला फक्त वेगाने वाढणारी पेशी कळते. कॅन्सर वेगाने वाढतो. पण तोंडातलं अस्तर, आतड्यातलं अस्तर, केसांची मुळं आणि अस्थिमज्जा हेसुद्धा वेगानेच वाढतात. उपासमार सगळ्यांचीच होते. औषध काम करतंय आणि औषध त्रास देतंय, ही एकाच घटनेची दोन नावं आहेत.

मग संधिवाताला हे औषध कसं काय? संधिवातात आणि सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर किंवा त्वचेवर हल्ला करते. कॅन्सरच्या मानाने अगदी कमी डोसमध्ये मेथोट्रेक्सेट हा हल्ला शांत करतं. अमेरिकेत १९८८ पासून संधिवातासाठी त्याला मान्यता आहे आणि आज जगभर सहसा हेच औषध आधी वापरतात. या डोसमध्ये टक्कल वगैरे सहसा पडत नाही.

पण इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. संधिवातासाठी आणि सोरायसिससाठी ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ती चुकून गेली आणि सलग काही दिवस पोटात गेली, तर अस्थिमज्जा बंद पडून जीव जाऊ शकतो. असे मृत्यू झालेले आहेत. घरात आजी-आजोबांना ही गोळी चालू असेल तर वार ठरवून घ्या, पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा आणि गोळी देणारा माणूस एकच ठेवा.

मेथोट्रेक्सेट चालू असलेल्यांना डॉक्टर दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड देतात, हे पाहून अनेकांना प्रश्न पडतो. एक गोळी जे तोडते, तेच दुसरी गोळी जोडते, मग उपयोग काय? उपयोग असा की संधिवातावरचा परिणाम टिकतो आणि तोंडातले फोड, मळमळ, लिव्हरवरचा ताण कमी होतो. सुब्बारावांच्या टीमने बनवलेली दोन औषधं इथं एकमेकांना सांभाळून घेतात.

गरोदरपणात मेथोट्रेक्सेट अजिबात चालत नाही. कारण तुम्हाला आता माहीत आहे. बाळाच्या पेशींना जे हवं असतं, तेच हे औषध तोडतं. दारूही टाळायची असते, कारण दोन्हींचा भार लिव्हरवर पडतो. आणि लघवीच्या इन्फेक्शनसाठी ट्रायमेथोप्रिम असलेलं अँटिबायोटिक कुणी लिहून देत असेल, तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं आधी सांगायचं. तेही फॉलिक ॲसिडच्याच वाटेत आडवं येतं, त्यामुळे दोन्ही एकत्र घेणं धोक्याचं ठरतं.

तिसरी गोळी : डीईसी

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांना हत्तीरोगाची लागण व्हायला लागली. भारतासाठी हा आजार जुना. डासांमार्फत सुतासारखे जंत शरीरात शिरतात, लसिकावाहिन्यांमध्ये मुक्काम करतात आणि वर्षानुवर्षांनी पाय हत्तीसारखा सुजतो. लेडर्लीत सुब्बारावांच्या देखरेखीखाली यावरचं औषध सापडलं. डायइथाइलकार्बामेझिन, म्हणजेच डीईसी. १९४७ मध्ये ते जाहीर झालं. बाजारातलं नाव होतं हेट्राझान.

आजही विदर्भातल्या जिल्ह्यांमध्ये आणि देशाच्या अनेक भागांत हत्तीरोग निर्मूलन मोहिमेत डीईसी आणि अल्बेंडाझोल दिलं जातं. आणि गोळी घेतल्यावर काही जणांना ताप येतो, डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं. गावात बातमी पसरते, गोळ्यांनी माणसं आजारी पडली. पुढच्या वर्षी लोक गोळी तोंडात धरतात आणि कर्मचारी वळला की थुंकतात.

हा ताप येतो कशामुळे? डीईसीमुळे रक्तात फिरणारी जंतांची पिल्लं शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या तावडीत सापडतात. ती मोठ्या संख्येने मरतात आणि त्यांचे तुकडे रक्तात मिसळतात. शरीर त्याला तापाने उत्तर देतं. म्हणजे ज्याच्या अंगात जंत जास्त, त्याला त्रास जास्त. ज्याला ताप आला त्याला बहुतेक वेळा औषधाची खरी गरज होती. हा त्रास साधारण दोन-तीन दिवसांत ओसरतो.

याचा अर्थ प्रत्येकाने डोळे मिटून गोळी गिळावी असं नाही. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बायका आणि गंभीर आजारी माणसं यांना मोहिमेत ही गोळी देत नाहीत. गोळी उपाशीपोटी घ्यायची नसते. आफ्रिकेत काही ठिकाणी डोळ्यांवर हल्ला करणारा वेगळा जंत आढळतो. तिथं डीईसी वापरत नाहीत, कारण डोळ्यात मरणाऱ्या पिल्लांमुळे नजरेला इजा होऊ शकते. औषध तेच, काम करायची पद्धत तीच. फक्त पिल्लं मरतात ती जागा बदलली की साधा ताप आंधळेपणापर्यंत जाऊ शकतो.

चौथी गोळी : टेट्रासायक्लिन

पेनिसिलिन आलं होतं, पण ते सगळ्या जिवाणूंवर चालत नव्हतं. सुब्बारावांनी नव्या अँटिबायोटिकच्या शोधाला टीम लावली. त्यात होते बेंजामिन डग्गर. विद्यापीठातून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले वनस्पतिशास्त्रज्ञ. ठिकठिकाणाहून मातीचे नमुने मागवले गेले. मिसूरी विद्यापीठाच्या शेतातल्या मातीत त्यांना सोनेरी रंगाचा एक सूक्ष्मजीव सापडला. त्यातून निघालेल्या औषधाला सोन्यावरूनच नाव मिळालं, ऑरिओमायसिन. १९४८ मध्ये ते जाहीर झालं. टेट्रासायक्लिन घराण्यातलं हे पहिलं औषध. आपली डॉक्सीसायक्लिन त्याच घराण्यातली पुढची पिढी.

जिवाणूच्या पेशीत प्रथिनं बनवणारं यंत्र असतं, रायबोसोम. टेट्रासायक्लिन त्या यंत्रात जाऊन अडकतं. प्रथिनं बंद, जिवाणूची वाढ बंद. माणसाच्या पेशीतलं यंत्र वेगळ्या घडणीचं असल्यामुळे ते बरंचसं वाचतं.

पण या औषधाला एक खोड आहे. त्याला धातू चिकटतात. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम दिसलं की ते त्याला मिठी मारतं. म्हणून ॲसिडिटीचं औषध, लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी याच्यासोबत घेतली तर दोन्ही पोटातच अडकतात आणि औषध रक्तात कमी पोहोचतं. जुन्या टेट्रासायक्लिनला दूधही चालायचं नाही. डॉक्सीसायक्लिनच्या बाबतीत हा परिणाम कमी आहे, तरी गोळ्यांमध्ये दोन-तीन तासांचं अंतर ठेवलेलं चांगलं.

याच खोडीमुळे लहान मुलांचे दात बिघडायचे. दात तयार होत असताना हे औषध दिलं की ते दातातल्या कॅल्शियमला चिकटतं आणि दात कायमचे पिवळे-तपकिरी पडतात. हे लक्षात यायला काही वर्षं गेली. तोवर अनेक मुलांच्या हसण्यावर डाग पडले होते. म्हणूनच पावसाळ्यात लेप्टोसाठी मोठ्यांना डॉक्सीसायक्लिन देताना आठ वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायका यांना सहसा दुसरं औषध देतात. मोठ्यांनीही ही गोळी ग्लासभर पाण्यासोबत घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही. अन्ननलिकेत अडकली तर ती तिथं जखम करते.

आणखी एक परिणाम साऱ्या समाजाला भोगावा लागतोय. हे औषध थोडं थोडं खाऊ घातलं की कोंबड्या आणि डुकरं लवकर वाढतात, हे लेडर्लीतच पुढे लक्षात आलं. जगभर जनावरांच्या खाद्यात अँटिबायोटिक मिसळली जाऊ लागली. जिवाणूंना औषध पचवायची सवय लागली. घशाला खवखव सुटली की मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणणारे आपणही तेच करतोय.

मग साइड इफेक्टला घाबरायचं की नाही?

सुब्बारावांच्या चार औषधांत त्रासाचे चार प्रकार दिसतात. मेथोट्रेक्सेट चांगल्या पेशीलाही मारतं, कारण तिचाही वेग जास्त असतो. डीईसीचा ताप हा औषध लागू पडल्याचा ताप असतो. टेट्रासायक्लिनचा रासायनिक स्वभावच असा आहे की ते दुसऱ्या गोष्टींना चिकटतं. आणि फॉलिक ॲसिड स्वतः फारसा त्रास देत नाही, पण दुसरा आजार झाकून ठेवू शकतं.

म्हणून गोळी हातात आल्यावर डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला तीन गोष्टी विचारायच्या. ही शरीरात नेमकं काय करते? त्यामुळे मला काय जाणवू शकतं? आणि यातलं काय जाणवलं तर लगेच यायचं? काळी शौच सहन करता येते. मेथोट्रेक्सेट चालू असताना आलेला ताप किंवा तोंडातले फोड मात्र डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायचे असतात. यातला फरक कळला तर चांगली गोळी कचऱ्यात जात नाही आणि धोक्याची खूणही नजरेतून सुटत नाही.

नाव मागे राहिलं, औषधं पुढे गेली

ऑगस्ट १९४८ मध्ये सुब्बाराव झोपेतच हृदयविकाराने गेले. वय फक्त ५३. फार्बर यांचा अहवाल येऊन दोन महिनेच झाले होते. ऑरिओमायसिन नुकतंच जाहीर झालं होतं. मेथोट्रेक्सेट संधिवातावर वापरलं जाईल, हे त्यांना बघायला मिळालं नाही.

१९२२ मध्ये बोटीत बसलेले सुब्बाराव पुन्हा कधी भारतात आले नाहीत. अमेरिकेचे नागरिकही झाले नाहीत. पत्नी शेषगिरी इकडे वाट बघत राहिल्या. नोबेल मिळालं नाही. पुढे एका बुरशीला त्यांच्या नावावरून सुब्बारोमायसिस असं नाव दिलं गेलं आणि १९९५ मध्ये जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं. औषधाच्या पाकिटावर त्यांचं नाव कधीच नव्हतं.

ज्या ट्रॉपिकल स्प्रूने त्यांचे दोन भाऊ नेले, तो आजार आजही काही ठिकाणी आढळतो. आता त्यावर उपचार आहे. डॉक्टर काही महिने दोन औषधं देतात. एक फॉलिक ॲसिड आणि दुसरं टेट्रासायक्लिन. या उपचाराने बहुतेक पेशंट बरे होतात.